तुर्भ्याच्या डोंगराखाली एक दिवस

मुंबईस आलेल्या पाहुण्यास दाखविण्याजोगी स्थळे मोजावयास बसल्यास ट्रॉम्ब्याचे नाव कोणाच्याही तोंडी यावयाचे नाही. राणीची बाग, घारापुरीची लेणी, कान्हेरीच्या गुंफा यांची वर्णने वाचकांनी आजवर पुष्कळ वाचली असतील. परंतु जेथील प्रेक्षणीय ते कुंपणाआड आहे आणि जे कुंपणाबाहेर आहे ते पाहावयास कोणी जात नाही, अशा ठिकाणाचे वर्णन कोण लिहिणार? खरे सांगावयाचे तर आम्हीही स्थलदर्शनाच्या हेतूने तेथे गेलो नव्हतो. आमच्या प्रवासाचे कारण आमच्या काखेतील पिशवीत होते, आणि ते म्हणजे २०११ साली घेतलेला एक लॅपटॉप.

आमचे कुटुंब मुलुंडास राहते. बिऱ्हाडे तीन, पण चूल एक. थोरल्या बंधूंच्या चिरंजीवास इंजिनियरिंगच्या अभ्यासासाठी हे यंत्र घेतले. पुढे तो नोकरीस लागला, त्याने नवे घेतले आणि जुने आमच्याकडे आले, जसे पूर्वी थोरल्या भावाचे सदरे धाकट्याकडे येत. आमची सुभाषितांची टिपणे, शब्दरूपावलीवरचा कित्येक वर्षे रखडलेला ग्रंथ, झालेच तर घरातील मुंजी-लग्नांच्या याद्या, सर्व त्यात. परंतु या साऱ्याहून मोलाची एक वस्तू त्यात होती. आमच्या मातोश्रींनी म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्या आणि मंगळागौरीची गाणी २०१२ साली दोन दुपारी बसून कोणीतरी मोबाइलवर ध्वनिमुद्रित केली होती. सतरा गाणी. मातोश्री २०१४ साली निवर्तल्या, तो मोबाइलही कधीच नाहीसा झाला, आणि उरली ती या यंत्रातील एकुलती एक प्रत. दुसरी प्रत करून ठेवण्याचे कोणासही सुचले नाही. एकत्र कुटुंबात असे पुष्कळदा होते. प्रत्येकास वाटते, दुसऱ्या कोणीतरी ते केलेच असेल.

यंत्र अलीकडे फारच मंद झाले होते. सकाळी कळ दाबून आम्ही स्नानास जात असू आणि परत येऊन गंध उगाळून होईपर्यंत पडद्यावर चक्रच फिरत असे. तेही आम्ही वार्धक्याचा धर्म म्हणून सोसले असते; परंतु मार्गशीर्षात त्याच्या पोटातून टक् टक् असा आवाज येऊ लागला. जवळच्या एका दुकानदाराने यंत्र उघडूनही न पाहता 'हे भंगारात द्या, नवे घ्या' असा अभिप्राय दिला. घरातील तरुण मंडळींचेही मत तेच. आम्ही मात्र ट्रॉम्ब्यास फोन लावला. तेथे अणुशक्तिनगरात आमची धाकटी भगिनी राहते. आमचे मेहुणे अणुसंशोधन केंद्रात होते, आणि भाचा आता तेथेच कामास आहे. भाच्याने आवाजाचे वर्णन ऐकले मात्र, आणि म्हणाला, "मामा, ते आत्ताच्या आत्ता बंद करा, आणि रविवारी इकडे घेऊन येईपर्यंत पुन्हा सुरू करू नका."

तेव्हा पौषातील एका रविवारी, मेगाब्लॉकचा घोळ सुरू व्हावयाच्या आत, आम्ही निघालो. मुलुंडहून कुर्ला, तेथे जिना चढून-उतरून हार्बरची गाडी, आणि मग टिळकनगर, चेंबूर, गोवंडी करीत मानखुर्द. अंतर फार नाही, पण मुलुंड-घाटकोपरच्या माणसास हार्बर मार्ग म्हणजे परमुलूखच. वाचकांपैकी थोड्यांसच ठाऊक असेल की ट्रॉम्ब्यापासून थेट अंधेरीपर्यंत जाणारी एक आगगाडी एके काळी होती. ती १९२८ साली सुरू झाली आणि १९३४ साली बंद पडली. ती असती तर आजच्या किती लोकांचे कुर्ल्याच्या जिन्यावरचे हाल वाचले असते!

मानखुर्दहून बसने पाचदहा मिनिटांत अणुशक्तिनगराच्या फाटकाशी आलो. पहारेकऱ्याने नावगाव, कोणाकडे, कशासाठी, सर्व विचारून वहीत लिहून घेतले. आत शिरताच मुंबईची मुंबई राहत नाही. रुंद रस्ते, दुतर्फा मोठाले वृक्ष, आणि पाठीशी तो डोंगर. हजार फुटांच्या आसपास उंचीचा हा डोंगर समुद्रावरून दूरवर दिसतो. जुन्या इंग्रज दर्यावर्द्यांस त्याचा आकार बैलाच्या जिभेसारखा वाटला व त्यांनी त्यास तेच नाव दिले. आपल्या लोकांचे नाव तुर्भे. खाडीपलीकडच्या नव्या मुंबईत दुसरे तुर्भे आहे, त्यामुळे पत्ता विचारणाऱ्याची आजही फसगत होते. ट्रॉम्बे हे त्याच तुर्भ्याचे परकीयांच्या जिव्हेवर झालेले रूप, आणि एके काळी हे साष्टीपासून सुटे असे बेटच होते.

भगिनीने चहा पुढे केला, पण भाच्याने पिशवीच आधी मागून घेतली. जेवणाच्या मेजावर स्वच्छ पंचा अंथरून त्याने यंत्र उपडे ठेवले, बॅटरी काढली, हात नळाच्या धातूस लावून अंगातील विजेचे निराकरण केले (हा आम्हांस आचमनासारखाच एक विधी वाटला) आणि बारीक स्क्रू काढून झाकण उघडले. आत तळहाताएवढी एक चपटी पेटी. तीच हार्ड डिस्क.

"मामा, हिच्यात ग्रामोफोनसारखी तबकडी आहे," तो सांगू लागला. "मिनिटाला पाच हजार चारशे फेरे. वर एक सुई आहे, पण ती तबकडीला टेकत नाही. केसाच्या जाडीच्या कितीतरी पट कमी अंतरावर तरंगते. तुम्ही काही मागितलंत की सुईनं योग्य वर्तुळावर जायचं आणि हवा तो भाग फिरून खाली येईपर्यंत थांबायचं."

आम्ही तेथेच कागदावर हिशेब मांडला. एका फेऱ्यास सेकंदाचा नव्वदावा भाग, सरासरीने त्याच्या अर्धा वेळ वाट पाहण्यात, आणि सुई हलविण्यास त्याहून अधिक. म्हणजे ठिकठिकाणी विखुरलेले तुकडे वाचावयाचे झाल्यास सेकंदाला फार तर साठ-सत्तर. यंत्र सुरू होताना असे हजारो तुकडे वाचावे लागतात. आमच्या स्नान-संध्येचा काळ कोठे जात होता, याचा उलगडा झाला. संगणकाची बुद्धी मंद झाली नव्हती. ती कोठीच्या दाराशी ताटकळत उभी होती.

नव्या पेटीत, जिला हे लोक एसएसडी म्हणतात, फिरणारे काही नाही. टपालकचेरीत पत्रे वर्गवार ठेवण्याचे खणांचे कपाट असते, तशी सूक्ष्म खणांची ती रचना असून, प्रत्येक खणात विद्युत्कण कोंडून ठेवलेले असतात. कोणत्याही खणापाशी हात सारख्याच त्वरेने पोहोचतो. वाट पाहणे नाही. ही युक्ती तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका या जपानी शास्त्रज्ञाने १९८०च्या दशकात काढली. आम्ही तिला 'स्थिरस्मृती' असे नाव सुचविले. भाच्याने आदरपूर्वक ऐकून घेतले आणि पुढेही एसएसडीच म्हणत राहिला.

आमच्या मुलाने लॅमिंग्टन रोडवरून ती पेटी आणून दिली होती. जुनीची क्षमता ३२० गिगाबाइट, म्हणून नवी ४८० ची घेतली; नवी जुनीहून लहान असल्यास सगळे जसेच्या तसे उतरविण्यास अडचण पडते. जुनी साडेनऊ मिलिमीटर जाड, नवी सातच. पण जोडावयाची खाच तीच, फक्त सैल बसू नये म्हणून कडेने प्लास्टिकची एक चौकट. किंमत म्हणाल तर नव्या लॅपटॉपच्या किमतीचा एक लहानसा अंश.

आमची समजूत अशी की जुनी काढावयाची, नवी बसवावयाची, आणि संपले. भाचा म्हणाला, "वेग नंतर. आधी आजी." आणि त्याने जुनी डिस्क एका तारेने स्वतःच्या संगणकास जोडून प्रथम केवळ ती सतरा गाणी बाहेर काढावयास घेतली. कारण विचारता म्हणाला, की आजारी डिस्कच्या आयुष्याचे किती तास उरले आहेत ते कोणी सांगू शकत नाही. सगळी नक्कल करण्याच्या भानगडीत तिने मध्येच प्राण सोडला, तर जे सर्वांत हवे तेच जावयाचे. चवदा गाणी झटपट आली. दोन आली पण उशिराने, टक् टक् करीत. सतराव्यापाशी यंत्र अडले.

भगिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने विचारले, "कुठलं रे राहिलं?" भाच्याने नाव वाचले. ती काही बोलली नाही. ती मंगळागौरीची जी गाणी म्हणते, ती आईकडूनच शिकलेली, आणि हे त्यांतले पहिले.

भाच्याने मग डीडीरेस्क्यू नावाची एक क्रमणिका चालविली. तिची रीत शहाण्या शिक्षकासारखी आहे. जे सुलभ ते प्रथम वाचून घ्यावयाचे, जेथे अडेल ती जागा टिपून पुढे जावयाचे, आणि शेवटी त्या अवघड जागांकडे पुन्हा पुन्हा वळावयाचे. अवघड धड्यापाशीच वर्ग अडवून ठेवणारे मास्तर आम्ही पाहिले आहेत. अंशतः आम्हीही त्यांतलेच. या कामास पाचसहा तास लागणार होते. "इथं बसून बघत राहिलात म्हणून लवकर होणार नाही, मामा. जेवा आणि फिरून या." जेवण झाल्यावर आम्ही भगिनीला घेऊन बाहेर पडलो.

ट्रॉम्बे गावाकडे जाणारी बस चीता कँपवरून जाते. ही वस्ती १९७६ सालची. तत्पूर्वी हे लोक अणुशक्तिनगरालगतच्या जनता कॉलनीत राहत; ती जागा अणुकेंद्राच्या कामासाठी हवी म्हणून आणीबाणीच्या काळात त्यांस उठवून येथे आणले. मघापासून नक्कल, स्थलांतर, 'जसेच्या तसे उतरविणे' हेच शब्द कानांवर होते. बसच्या खिडकीतून ती दाट घरे पाहताना मनात आले, की माणसांचे बिऱ्हाड हलविताना काय काय वाटेत गळते याची यादी कोणी टिपून ठेवीत नाही. भगिनी ज्या वृक्षराजीत राहते तिच्या सुखाच्या हिशेबात ही वस्तीही धरली पाहिजे, असे आमचे मत आहे. तिलाही ते मान्य झाले.

गाव संपता संपता कोळीवाडा लागतो. सुकत घातलेल्या मासळीचा दर्प आमच्यासारख्यास प्रथम जाणवतो, पण दहा मिनिटांत नाक सरावते. धक्क्यावर पोहोचलो तेव्हा ओहोटी होती. चिखलात कलंडलेल्या होड्या, तिवरांची दाट हिरवी किनार, आणि पलीकडे नेरुळच्या बाजूच्या उंच इमारती, धुरकट उन्हात चित्रासारख्या. थंडीत खाडीच्या चिखलावर रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. आम्हांस दूरवर एक फिकट गुलाबी रेघ दिसली, तेवढ्यावर समाधान मानले. खाडीचा वरचा भाग २०१५ साली या पक्ष्यांसाठी अभयारण्य ठरला आहे. जाळे विणीत बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी आम्हांस बसावयास फळी दिली. गावाचे नाव त्यांच्याही तोंडी तुर्भेच.

अणुभट्ट्या येथून दिसत नाहीत. त्या डोंगराच्या पलीकडच्या अंगास, समुद्राकडे तोंड करून आहेत. तरुणपणी घारापुरीस जाताना लाँचमधून तो पांढरा घुमट आम्ही पाहिला होता. येथील पहिल्या भट्टीचे नाव 'अप्सरा'. ती ४ ऑगस्ट १९५६ रोजी प्रथम चालू झाली. आशिया खंडातील आरंभीच्या भट्ट्यांपैकी ती एक. पुढल्या वर्षी जानेवारीत पंडित नेहरूंनी तिचे नामकरण केले. पाण्याच्या खोल कुंडात ठेवलेल्या इंधनातून निघणारी निळी प्रभा पाहून ते नाव सुचले म्हणतात. 'अप्' म्हणजे पाणी आणि 'सृ' म्हणजे सरणे; जी पाण्यात संचार करते ती अप्सरा. नाव देताना ही व्युत्पत्ती मनात होती की नाही कोण जाणे, पण इतके यथार्थ नाव आमच्या पाहण्यात दुसरे नाही. ही अप्सरा २००९ साली थांबविण्यात आली, आणि १० सप्टेंबर २०१८ रोजी ट्रॉम्ब्यासच 'अप्सरा-अपग्रेडेड' या नावाची अधिक शक्तीची भट्टी चालू झाली. संस्कृत अप्सरेस लागलेले हे इंग्रजी शेपूट आम्हांस पूर्वी खटकत असे. त्या दिवशी, घरी मेजावर जे चालले होते ते आठवून, खटकले नाही.

आणखी एक योग सांगण्यासारखा आहे. ज्या १९५६ च्या ऑगस्टात अप्सरा जागी झाली, त्याच्या दुसऱ्याच महिन्यात अमेरिकेत आयबीएम कंपनीने जगातील पहिली हार्ड डिस्क जाहीर केली. दोन दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या, वजन सुमारे एक टन, आणि मावणार काय, तर पन्नास लाख अक्षरे. ट्रॉम्ब्यानेही पुढे स्वतःचा संगणक घडविला. १९६९ सालच्या त्या यंत्राचे नावच ट्रॉम्बे डिजिटल कॉम्प्युटर, टीडीसी-१२. त्याआधी १९६० साली कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत टिफ्रॅक हा संगणक चालू झाला होता. त्याची चुंबकीय कड्यांची स्मृती २०४८ शब्दांची, प्रत्येक शब्द चाळीस बिटांचा. भाच्याने दिलेल्या कागदावर आम्ही धक्क्यावर बसूनच गुणाकार केला. आमच्या पिशवीतून आलेल्या त्या नव्या पेटीत असल्या साडेचार कोटींहून अधिक स्मृती मावतात. आणि तरी सगळा जीव अडकला होता एका गाण्यात.

"दादा, आईला ते रेकॉर्डिंग आवडलं नव्हतं," भगिनी एकदम म्हणाली. "घसा बसलाय, परत कधीतरी घ्या म्हणाली होती." पुढे दोन वर्षे आई होती. परत कोणी घेतले नाही.

साडेपाचास परतलो. भाच्याने नवी पेटी यंत्रात बसवून झाकण लावले होते. त्याने कळ दाबली. आम्ही सवयीने उठू लागलो, तोच पडदा उजळला. घड्याळाने पंचवीस सेकंद. तोच पडदा, तीच झिजलेली अक्षरकळांची पाटी, आणि आतून आवाज म्हणून नाही. आमची शब्दरूपावली मिटल्या डोळ्यांची पापणी उघडावी तशी उघडली. आम्ही उगीचच दोनतीनदा मिटून पुन्हा उघडून पाहिली.

भाच्याने आमच्या आनंदास वेळीच आवर घातला. पेटी नवी झाली म्हणून यंत्र नवे झाले नाही. विंडोज १० ला कंपनीने द्यावयाची संरक्षणाची डागडुजी १४ ऑक्टोबर २०२५ पासून थांबली आहे, आणि इतके जुने यंत्र पुढील आवृत्तीच्या अटींत बसत नाही. तेव्हा लिहिणे-वाचणे खुशाल करावे, बँकेचे व्यवहार त्यावर करू नयेत. सवडीने तो लिनक्स घालून देणार आहे. दुसरे असे, की ही नवी पेटीही अमर नव्हे. तिच्या खणांत पुन्हा पुन्हा लिहिण्यास मर्यादा आहे. वीज न देता वर्षानुवर्षे कपाटात ठेवली तर कोंडलेले कण हळूहळू निसटतात. आणि मुख्य म्हणजे ती मरते तेव्हा टक् टक् करून सांगत नाही. "जुनीनं निदान तुम्हाला हाक मारली, मामा. ही मारणार नाही." तेव्हा ठेवा एकाच जागी असू नये. जुनी डिस्क त्याने पिशवीत घालून वर तारीख लिहिली.

मग त्याने सतरावे गाणे लावले. आवाज आला. घसा बसलेला, खोकल्याने मध्येच थांबलेला, पण आईचा. आरंभापासून बरेचसे नीट चालले, आणि पुढे एके ठिकाणी खर्रकन तुटून एकदम शेवटच्या ओळीवर गेले. मधले दीड कडवे नाही. त्या जागेवरचे खंड यंत्राने अनेकवार वाचून पाहिले, वाचता आले नाहीत. भाच्याने ते तसे सरळ सांगितले.

पुन्हा एकदा लावावयास सांगून भगिनी मेजाशी बसली. आवाज तुटला त्या ठिकाणी तिने ते दीड कडवे म्हटले. आईच्याच चालीत, आणि आई जेथे श्वास घेत असे तेथेच श्वास घेऊन. शेवटच्या ओळीला यंत्रातला आवाज तिला येऊन मिळाला. भाच्याने आईला पुन्हा म्हणावयास लावून ते निराळे ध्वनिमुद्रित केले. आईच्या गाण्यात ते जोडू नये, शेजारी ठेवावे, असे दोघांनी ठरविले. आम्हांसही तेच योग्य वाटले.

गाण्यांच्या तीन प्रती झाल्या. एक भगिनीकडे, एक आमच्या यंत्रात, आणि एक पेन ड्राइव्हवर, जी पुण्यास थोरल्या बहिणीकडे धाडावयाची आहे. मेगाब्लॉक संपला होता, पण गाड्या उशिरानेच धावत होत्या. मानखुर्दच्या फलाटावर बाकावर बसून आम्ही यंत्र उघडले आणि गाडी येईपर्यंत शब्दरूपावलीची दोन पाने तपासली.